लवकर आलेलं ‘बरोबर’

वाक्य अजून संपलं नव्हतं, आणि चिमणी ‘बरोबर’ म्हणाली.

झालं ते एवढंच. खिडकीजवळच्या खाटेच्या एका बाजूला चिमणी, जाणारी; दुसऱ्या बाजूला ताई, येणारी; आणि मधे उशीला टेकून कुलूपवाले काका, दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसलेले. पाळी बदलताना आता असंच बोलायचं होतं. जाणारीनं चार घासांत सगळं भरवायचं: आत्ता काय, आधी काय, मला काय वाटतं, आणि आता तू काय करायचंस. मग येणारीनं ते सगळं आपल्या तोंडानं परत म्हणायचं, आणि तिचा शेवटचा शब्द पडला की जाणारीनं ‘बरोबर’ म्हणून मान हलवायची. तो शब्द म्हणजे दाराची कडी. तो पडला की खाट येणारीची, माणूस येणारीचा, बरंवाईट येणारीचं. ताई नीट म्हणत आली होती. पायाची जखम, काल बदललेली पट्टी, सकाळची साखर, जेवणाआधीचं इन्सुलिन नुकतंच दिलंय, “आणि ताट...” एवढ्यावर आली होती, तोच ते ‘बरोबर’ येऊन आदळलं. पाहुणा उंबऱ्यात असतानाच कुणी दार लावून घ्यावं तसं. ताईच्या तोंडात उरलेलं वाक्य तसंच राहिलं, पाणी न लागलेल्या गोळीसारखं. चिमणीचे डोळे तेव्हा तिच्याकडे नव्हते, दाराकडे होते. आणि दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, वॉर्डच्या प्रमुख. पुढच्या क्षणी चिमणी वळली आणि जवळजवळ पळतच गेली. पळणाऱ्या माणसाची पाठ खरं बोलते, असं ताईला वाटायचं. ही पाठ काहीतरी घेऊन चालली होती.

वॉर्डात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्याही. धाकटी बहीण तर तिला एकच होती, पण इथं आल्यापासून बहिणींचं पीक आलं होतं. चिमणी त्यातली सगळ्यांत नवी, अजून कायम न झालेली. आणि नेमकं आज सकाळी फोन करून मोठ्या बाईंनी ताईला सांगितलं होतं की चिमणीचं काय करायचं ते आज ठरतंय. रोज तिच्या हातून खाटा तुम्ही घेता, तेव्हा तुमचा शब्द शेवटचा, संध्याकाळी मला सांगा. ठेवा म्हणालात तर ठेवते, नको म्हणालात तर महिनाअखेर निरोप. ताई येताना वाटेत हेच घोळवत आली होती, आणि तिनं जवळजवळ ठरवलंही होतं की ठेवा म्हणायचं. पोरगी हाताची हलकी होती, सुई टोचली तर माणसाला कळायचं नाही. पण आता तिच्या मनात पाल चुकचुकली. चिमणीला हे कळलं असेल का? कळलं असेल तर ती आज जास्त सांभाळून वागायला हवी होती. का मोठ्या बाईंनी दोघींनाही सांगितलं होतं, ताईला चिमणीविषयी आणि चिमणीला ताईविषयी? दारात त्या काय बघत उभ्या होत्या? कोण कुणाची परीक्षा घेत होतं?

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी चिमणी पाळी सोपवायची म्हणजे बारशाला बोलवायला आल्यासारखी. पदराला हात पुसत, नसलेल्या पदराला, ती सुरुवात करायची ती कुठूनही. सातव्या खाटेवरच्या आजींचा जावई येऊन गेला, आणि जावई गेल्यावर आजींनी पेज घेतली, त्याच्यादेखत घेतली नव्हती, म्हणजे बघा ताई, दुखणं पोटाचं नव्हतंच. त्या गोष्टीत औषधाचं नाव यायचं, पण ते शिऱ्यातल्या बेदाण्यासारखं, शोधून काढावं लागायचं. नाव ‘चिमणी’ पडलं ते त्यावरूनच. मग एक दिवस अशाच चिवचिवाटात कुणाचं तरी रक्ताचं तपासणं सांगायचं राहून गेलं, दुसऱ्याच वॉर्डात, दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून. पण शिक्षा सगळ्यांना झाली, आणि ही चार घासांची पद्धत आली. शिकवायला आलेल्या बाई हसऱ्या होत्या, त्यांचे दातसुद्धा ओळीनं उभे होते. त्यांनी शेवटी एक गंमत सांगितली. म्हणाल्या, सरावासाठी अधूनमधून सांगण्यात एक चूक मुद्दाम पेरत जा, बघा समोरची पकडते का. पकडली तर ती ऐकते आहे. नाही पकडली तर ती नुसता पोपट आहे.

पहिल्याच दिवशी चिमणीनं अकराव्या खाटेवरच्या आजोबांविषयी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की यांना डोहाळे लागले आहेत, आंबट मागतात. मोठ्या बाईंनी तेवढ्याच गंभीरपणानं परत म्हटलं, “डोहाळे लागले आहेत, आंबट मागतात,” आणि मग, “कितवा महिना ते सांगायचं राहिलं.” आजोबांसकट सगळा वॉर्ड हसला. ताईही हसली. पण आठवडाभरानं चिमणीनं ताईच्या घासात चूक पेरली तेव्हा कुणी हसलं नाही. ज्या म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती त्याचा डावा डोळा म्हणून सांगितला, आणि ताईनं, समोर ती पांढरी पट्टी ढळढळीत दिसत असताना, डावा डोळा म्हणून परत म्हटलं. कुणीतरी नाकानं फुस्स केलं. चिमणीनं घाईघाईनं ‘उजवा हं ताई, मीच चुकले’ म्हणून सावरून घेतलं, आणि ते सावरणं ताईला सगळ्यांत जास्त लागलं. पोपट तर पोपट. पण पोपटावर पांघरूण घालणारी ही कोण? त्या दिवसापासून चिमणी खाटेशी उभी राहून बोलू लागली की ताई शब्द ऐकायची नाही, शब्दांच्या मधल्या भेगा ऐकायची. कुठं पेरलंय? कुठं पाणी मुरतंय?

कान असे तीक्ष्ण व्हायला फार जुनं कारण होतं, आणि औषधाच्या खोलीत उभी राहून बाटल्यांची नावं वाचताना ताईला ते नको असताना आठवलं. ती शाळेत होती तेव्हा वडील आजारी पडले. आतल्या खोलीचं दार कायम अर्धं लोटलेलं. तिथून आत्या बाहेर यायची, आणि धाकटीचा हात धरून उभी असलेली ताई विचारायला तोंड उघडायची, “आत्या, बाबा...” की आत्या म्हणायची, “बरं आहे, बरं आहे.” प्रश्न पुरा व्हायच्या आतच. चुलते तसेच, शेजारीण तशीच. सगळ्यांच्या तोंडात ते ‘बरं’ तयार ठेवलेलं असायचं, प्रश्न पुरा विचारला गेलाच तर खरं बोलावं लागेल म्हणून आधीच फेकलेलं. एका सकाळी ते दार पूर्ण उघडं होतं, आणि खाटेवर नुसती गादी होती, गुंडाळलेली. आई त्यानंतर दोन-चार महिन्यांनी परत शिवायला बसली. मशीनवर वाकून ती काहीबाही गुणगुणायची, आपणच जुळवलेलं, कुणी ऐकतंय हे विसरून:

दोरा तोडिला दातानं, गाठ मारायची राहिली,
उसवलेली शिवण बाई, दुपारी मी पाहिली.

ताईला तेव्हा वाटायचं हे सदऱ्याविषयी आहे. पण ती एक गोष्ट मात्र कायमची शिकली. उत्तर प्रश्नाच्या आधी आलं, की समजावं, आतली गादी गुंडाळायला घेतली आहे.

नवऱ्याशीही तेच झालं होतं. बिचारा मवाळ माणूस, भांडणाचा कंटाळा. ताईनं ‘अहो, उद्या’ म्हटलं की तो ‘हो’ म्हणून मोकळा. उद्या काय ते ऐकायच्या आधी. एकदा त्या ‘हो’नं तिला तीन दिवस झोप लागू दिली नाही, आणि चौथ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना तिनं त्याच्या कोटाचा खिसा चाचपला. खिशात सापडलं ते तिच्याच चपलेचं तुटलेलं बक्कल. चांभाराकडं न्यायचं म्हणून त्यानं घेतलं होतं आणि विसरला होता. ते बक्कल मुठीत धरून ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिली, आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि लाज वाटायच्या आधी तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की दुसऱ्या खिशात काय आहे?

म्हणून आज तिनं दुसरा खिसा बघायला घेतला. चिमणीनं सांगितलेलं एकेक वाक्य घेऊन ती खाटेखाटेनं फिरली. चौथीचं सलाईन म्हणे सावकाश चालू आहे, सावकाशच होतं. सातवीच्या आजींची पाठ लाल झाली आहे; झाली होती, बोटाच्या पेराएवढी. नववीला ताप नाही; नव्हता. सगळं सांगितल्याप्रमाणे जागच्या जागी, आणि जसजसं ते जुळत गेलं तसतसा तिचा जीव खाली बसायच्या ऐवजी वर येऊ लागला. घर फार आवरलेलं दिसलं की आई म्हणायची, उंदीर कपाटात आहे. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द नव्हते, नुसता बोलण्याचा उतार. आणि मधेच मोठ्या बाई हसल्या. आत कोण होतं? चिमणी घरी गेली असं कुणी पाहिलं होतं?

वाढपी मावशी ताटांची गाडी ढकलत परत चालली होती तेव्हा ताईनं तिला गाठलं. स्वयंपाकघराकडची लिफ्ट बंद पडल्यानं आज जेवण उशिरा वर आलं होतं, आणि जिना चढून चढून मावशी करवादली होती. ताईनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की दुपारी ताई आली तेव्हा चिमणी तुझ्याशी जिन्यापाशी उभी राहून काय कुजबुजत होती. मावशीनं गाडी थांबवली. ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

“मला माणसांचं नका विचारू, ताई. ताटांचं विचारा. कुणी खाल्लं, कुणी टाकलं, कुणाचं झाकणसुद्धा उघडलं नाही, ते सगळं सांगते.”

“ताटांचं राहू दे.”

“राहू दे तर राहू दे,” मावशी म्हणाली आणि गाडी पुढे ढकलली. गाडीवरच्या उष्ट्या ताटांत एक ताट झाकणासकट तसंच होतं. ताईच्या डोळ्यांनी ते पाहिलंही. पण त्या वेळी तिचे डोळे नुसते उघडे होते. बघणारी आत कुठंतरी चिमणीच्या पाठीमागं धावत होती.

शेवटी ती परत खिडकीजवळच्या खाटेशी आली. कुलूपवाले काका उशीवरून खाली घसरले होते आणि छताकडे बघत होते. एरवी हा माणूस गप्प बसणारा नव्हे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं हातभर दुकान होतं, आणि उभा जन्म त्यांनी लोकांची दारं उघडून दिली होती. इथं आल्यापासून वॉर्डातल्या तीन कपाटांच्या हरवलेल्या किल्ल्यांचं काम त्यांनी केसांच्या पिनेनं भागवलं होतं. कुलूप चोरासाठी नसतं, बाई, म्हणायचे, चोराला ते दिसतच नाही. कुलूप असतं भल्या माणसाचं मन चळू नये म्हणून. आता मात्र त्यांनी ताईकडे बघितलं ते जरा रागानंच. तिनं विचारलं, काका, दुपारी जेवणाआधी सिस्टरनं इन्सुलिन टोचलं ना तुम्हाला?

“कोणी टोचलं? कोणी नाही टोचलं.”

“नीट आठवा. चिमणी सिस्टर. पोटावर.”

“सकाळपासून इकडं कुत्रं फिरकलं नाही,” काका म्हणाले. “सगळे चोर आहेत.”

ताईच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा भीतीचा नव्हता. सापडलं. इतक्या वेळानं, एवढ्या भेगा चाचपल्यावर, हाताला ओल लागली. चिमणीनं कागदावर सही केली होती, ते ताईनं मघाशीच बघितलं होतं. पण सही तिचीच, कागद तिचाच, चोराच्या घरची चोरालाच साक्ष. इन्सुलिन दिलंय म्हणाली आणि दिलं नाही. एक तर विसरली, आणि ते झाकायला ‘बरोबर’ची घाई. नाहीतर ही पेरलेली चूक होती, मोठ्या बाईंना सांगून सवरून पेरलेली, ताई पोपट आहे का बघायला. म्हणून त्या दारात उभ्या होत्या. दोन्हींतलं कुठलंही असो, या वेळी ती डावा डोळा म्हणणार नव्हती. या वेळी ती पकडणार होती, आणि संध्याकाळी मोठ्या बाईंसमोर उभी राहून सांगणार होती, अगदी चार घासांत. तिला ती वाक्यं आयती सुचू लागली. त्यात ‘ठेवा’ हा शब्द कुठंच नव्हता.

औषधाच्या खोलीत तिनं बाटली उचलली, उताणी धरली, सुई भरली. हे औषध भरताना दुसरीला बोलावून दाखवायचं असा नियम होता. तिला तो माहीत होता, तिनंच तो नव्या मुलींना शिकवला होता. पण दुसरी नर्स वॉर्डच्या पार पलीकडच्या टोकाला होती, आणि शिवाय या सगळ्यांत कोण कुणाच्या बाजूचं काय सांगावं? साखर मोजायचं यंत्रही तिच्याचकडे होतं. सकाळचा आकडा होताच, चांगला चढा. ताईच्या हातातली सुई स्थिर होती. इतकं स्थिर तिला आठवड्यात वाटलं नव्हतं. संशय खरा ठरला की माणसाला किती निवांत वाटतं, तापलेल्या अंगाला गार फरशी लागावी तसं.

ती खाटेशी आली तेव्हा काका उठून बसले होते आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. बाटलीचं झाकण ते फिरवत होते. साधं झाकण, लहान पोर दातानं उघडेल असं. त्यांची बोटं त्याच्यावर चढत होती आणि घसरत होती, परत चढत होती, चुकीच्या बाजूला फिरवत होती. मग त्यांनी झाकण सोडून बाटलीचा तळ फिरवायला घेतला. ताई सुई धरून बघत राहिली. त्या बोटांनी परवा पिनेनं कपाट उघडलं होतं, बोलता बोलता, तिकडं बघतसुद्धा नव्हते. आता त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, बारीक, खिडकीतून वारा येत असताना. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी मान वर केली आणि तिला विचारलं की दुकान कुणी उघडलं.

तेव्हा ती ऐकू लागली. दुपारपासून पहिल्यांदा. ‘कोणी नाही टोचलं’ ही साक्ष नव्हती, लक्षण होतं. टोचलेलं आठवत नव्हतं, कारण टोचलं होतं. अंगातली साखर तळाला जात होती आणि आठवण तिच्याबरोबर उतरत होती. औषध अंगात गेलं आणि त्यामागून पोटात अन्न गेलं नाही. झाकणासकट परत गेलेलं ताट तिच्या डोळ्यांपुढं आलं, मावशीचा आवाज आला, आणि त्याच्याही मागं आपलाच आवाज, ‘आणि ताट’वर तुटलेला. चिमणीनं सांगितलं होतं. चौथ्या घासात, स्पष्ट: जेवण उशिरा येतंय, ताट आलं की समोर बसून खाऊ घाला, आज त्यांना मळमळतंय, तसंच ठेवतील. ते वाक्य ताईला दिलं गेलं होतं. तिनं ते हातात घेतलंही होतं. कडी लवकर पडली तेव्हा ते दोघींच्या मधे खाली पडलं, आणि ती कडीच्या आवाजामागं धावली.

सुई तिनं ट्रेमध्ये ठेवली. पुढचं सगळं हातांनी केलं, हातांना सवय होती. पलीकडच्या नर्सनं यंत्र आणलं, बोटातून थेंब काढला, आकडा आला तो बघून दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही. ग्लुकोजचं पाणी चमच्या-चमच्यानं, काका, गिळा, अजून एक, शाबास. तरुण डॉक्टर धावत आला. ताईनं त्याला सांगितलं ते चार घासांत, आत्ता काय, आधी काय, मला काय वाटतं, आणि आता काय करायचं. त्यानं शिरेतून साखर सुरू केली. मावशी कुठूनशी येऊन पायथ्याशी उभी राहिली होती. आणि हळूहळू, चिखलातून बैलगाडी निघावी तसे काका वर आले. घाम थांबला. त्यांनी बाटली उचलली, झाकण एका फिरकीत काढलं, पाणी प्याले आणि म्हणाले, “एवढ्या सगळ्या जमलात ते काय, मी गेलो होतो की काय?”

ट्रेमधली भरलेली सुई ताईनं त्यानंतर बराच वेळ हलवली नाही. काकांच्या अंगातल्या साखरेनं आधीच तळ गाठलेला होता; हे त्यावर गेलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पलीकडची नर्स यंत्रात गुंतली होती, डॉक्टर शीर शोधण्यात. सुई डब्यात टाकली की झालं, आणि उरतं ते एकच खरं, की चिमणीनं पुरतं ऐकून न घेता ‘बरोबर’ म्हटलं आणि एक माणूस जवळजवळ गेला. हे खोटं नव्हतं. शब्दाशब्दानं खरं होतं. मोठ्या बाईंना इतकंच सांगितलं असतं तर पुरलं असतं, निरोप मिळाला असता. ताईला स्वतःचीच भीती वाटली ती इथं. आपल्या तोंडात हे अर्धं खरं किती पटकन तयार झालं, आत्याच्या ‘बरं’सारखं, कुणी विचारायच्या आत. इतकी वर्षं ती लोकांच्या भेगांना कान लावून बसली होती. आपल्या भिंतीला तिनं कधी हात लावून पाहिला नव्हता.

मोठ्या बाई आपल्या खोलीत एकट्याच होत्या. मघाचं हसणं फोनवरचं होतं. आताही फोन कानाला होता, कुणा नातवाला त्या झोप म्हणून सांगत होत्या. ताई ती सुई ट्रेसकट घेऊन आत गेली आणि टेबलावर ठेवली. बाईंनी फोन ठेवला. ताईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चिमणीचं लवकर आलेलं ‘बरोबर’, आपलं तुटलेलं वाक्य, आपण ते परत पुरं का केलं नाही ते, दुपारभर काय शोधत होतो ते, आणि ही सुई का भरली ते. शेवटचं सांगायला सगळ्यांत वेळ लागला. बाईंनी मधे एकदाही ‘हं’ केलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की त्या दारात उभ्या होत्या ते लिफ्टवाल्याची वाट बघत. ताईच्या कानशिलांत रक्त चढलं. चुका पेरायचा खेळ आजपासून बंद, बाई म्हणाल्या, त्या दातवाल्या बाईंना मीच कळवते. आणि उद्या तुम्ही दोघी माझ्यासमोर ही खाट पुन्हा सोपवायची, पहिल्यापासून. या सुईचं वर कळवावं लागेल, तुमच्या नावानं. ताईनं मान हलवली.

“आणि तिचं काय करू? तुमचा शब्द हवाय अजून.”

“ठेवा,” ताई म्हणाली. आणि लगेच तिला वाटलं, हे आपण का म्हटलं? पोरगी चांगली म्हणून, का तिच्यावर आता उपकार राहावा म्हणून? तिनं तो प्रश्न खाली टाकला नाही, पण उत्तराची वाटही पाहिली नाही. “ठेवा. सांगायचं ते तिनं सगळं सांगितलं होतं.”

“फोन तुम्हीच करा तिला,” बाई म्हणाल्या. “मी केला तर रडेल. तुम्ही केलात तर भांडेल. भांडलेलं बरं.”

व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून तिनं फोन लावला. खाली अंगणात संध्याकाळची उन्हं भिंतीवर चढत होती, कुणीतरी धुतलेल्या चादरी गोळा करत होतं. चिमणीच्या मागं कुठंतरी भांडी वाजत होती. ताईनं तिलाही सगळं सांगितलं, त्याच क्रमानं. सुईपाशी आली तेव्हा पलीकडची भांडी थांबली. मग ताईनं विचारलं ते दुपारपासून घशात होतं. “इतकी घाई का केलीस ग? मला पुरं म्हणू का दिलं नाहीस?”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. ताईला वाटलं, आता हिचं भांडण येतंय, नाहीतर थाप येतेय. तिचे कान आपोआप टवकारले गेले.

“सांगू?” चिमणी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “सकाळपासून मला जाता आलं नव्हतं हो. बाथरूमला. सातवीच्या आजी, मग ती लिफ्ट, मग हे. तुम्ही ‘ताट’ म्हणालात तोवर माझा जीव असा... मला वाटलं, ताईंनी ऐकलंय, ताईंना कळतं.” मग एकदम, जणू आत्ताच तिला उरलेलं सगळं दिसलं तसं, “माझंच चुकलं. पण ताई, ते आता जेवले का?”

ताई फोन कानाशी धरून उभी राहिली. जुन्या सवयीनं तिनं त्या प्रश्नाला चाचपलं, मागून, पुढून, उलटा करून. त्यात काय लपलंय, कुणाला दोष आहे, कुणाची सुटका आहे. काही लागलं नाही. त्यात एक म्हातारा माणूस होता आणि एक ताट होतं. उत्तर मात्र तिच्याकडे नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, साखर वर आली की पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर पुन्हा उतरेल. आणि त्यानंतर ती सुईजवळ उभी राहिली होती, बाईंच्या खोलीत उभी राहिली होती, इथं येऊन उभी राहिली होती.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “थांब. ठेवू नकोस. बघून सांगते.”

आणि फोन तसाच कानाला धरून ती वॉर्डाकडे चालू लागली. पलीकडं चिमणी श्वास रोखून थांबली होती, आणि तो श्वास ताईला सबंध व्हरांडाभर ऐकू येत होता.